साडूंनी घेतलेला किल्ला

माझ्या साडूंनी वेल्समध्ये किल्ला विकत घेतला, हे मला त्यांच्याच कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये पावभाजीच्या रांगेत उभा असताना कळलं. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. केक कापून झाला तसा त्यांनी चमच्याने ग्लास वाजवला. ही लकब त्यांनी कुठून उचलली होती देव जाणे. सगळे गप्प झाल्यावर ते म्हणाले, "एक छोटीशी गोष्ट सांगायची आहे. आम्ही वेल्समध्ये एक कॅसल घेतला."

'आम्ही' म्हणजे त्यांनी एकट्याने. शेजारी त्यांची बायको उभी होती. माझ्या बायकोची ती थोरली बहीण, आम्ही दोघंही तिला ताईच म्हणतो. हातात केकची सुरी तशीच धरून ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यावरून मला समजलं की ही बातमी त्यांनाही आमच्याबरोबरच मिळत होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिंगापूरमधले आमचे मराठी लोक कशालाही टाळ्या वाजवतात, पण या जरा जास्तच वाजल्या. एकाने विचारलं, "बुरूज किती आहेत?"

"सध्या एकच," साडू म्हणाले.

"आणि तोफा वगैरे?"

"त्या काढून नेल्या असणार. ब्रिटिश लोक व्यवस्थित असतात."

मी पाव पुढे सरकवला आणि भाजी वाढून घेतली.

साडू मूळचे पुण्याचे, एका परदेशी बँकेत आयटीचे डायरेक्टर. मी जहाजावर इंजिनियर होतो, आता तुआसच्या यार्डात दुरुस्तीला येणारी जहाजं बघतो. आम्ही बुकित पंजांगला एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमध्ये राहतो. माझ्या कामाला साडू 'गॅरेज' म्हणतात. भेटले की न चुकता विचारतात, "तुमच्याकडे अजून ती खेळण्यातली ट्रेन चालते का?" त्यांना आमच्या भागातली छोट्या डब्यांची एलआरटी म्हणायची असते. सुरुवातीला मी उत्तर द्यायचो, नंतर देईनासा झालो. त्याने त्यांचं काही अडलं नाही. त्यांना उत्तर नको असतं, ऐकणारा हवा असतो.

किल्ल्यांबाबत त्यांचा अनुभव म्हणाल तर ते सिंहगडावर अनेकदा गेलेले आहेत, प्रत्येक वेळी गाडीने. वर गेल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही, आणि परत खाली. एवढ्या भांडवलावर इथल्या आमच्या मराठी मंडळात ते दुर्गप्रेमी म्हणून ओळखले जायचे. किल्ल्याची रेघोटी छापलेला काळा टी-शर्ट घालून ते बोटॅनिक गार्डनमध्ये सकाळी फिरायला जात, आणि त्याचे फोटो ग्रुपवर 'गडवाटेवर' असं लिहून टाकत. बोटॅनिक गार्डनमध्ये धाप लागेल असा चढ नाही, पण त्या फोटोंतसुद्धा त्यांना धाप लागलेली दिसते.

महिन्याभरात कॅसलचा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आला. भिंतभर कॅनव्हास. ड्रोनने वरून काढलेला, हिवाळ्यातला, धुक्यातला. आम्ही जेवायला गेलो होतो तेव्हा माझी मुलगी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिचा जन्म इथला, शाळा इथली. मराठी तिला सगळं कळतं, पण तोंडातून इंग्लिश येतं, आणि तेही इथलं.

"पपा, वेअर्स द कॅसल?"

"तोच समोर आहे तो."

"दॅट वन हिल लाह."

बायकोने मला कोपराने ढोसलं, जणू बोललो मीच होतो. साडू मात्र खूश झाले. "बेटा, याला मॉट म्हणतात," असं म्हणून त्यांनी तिला समोर बसवून घेतलं. नॉर्मन सरदार वेल्समध्ये घुसले तेव्हा त्यांनी घाईघाईने असे किल्ले उभे केले. भोवती खंदक खणायचा, निघालेली माती मधे रचून उंचवटा करायचा, त्यावर लाकडी मनोरा बांधायचा. खाली कुंपण घातलेलं अंगण, त्यात घोडे आणि माणसं. हे सगळं बरोबर होतं. घर विकणाऱ्या एजंटने त्यांना जो व्हिडिओ दाखवला होता त्यात ते होतं, आणि साडूंची स्मरणशक्ती चांगली आहे.

"मग मनोरा कुठे आहे?" मी विचारलं.

"लाकूड कुजतं हो. तुम्हाला माहीत असेल, जहाजवाले तुम्ही."

मी त्यांना जहाजं लोखंडाची असतात असं सांगितलं नाही. मी फोटो नीट पाहिला. घर होतं, साधं, दगडी, बसकं. त्याच्या मागे एक हिरवं टेकाड. बस. त्यांनी घर विकत घेतलं होतं आणि टेकाड पदरात पडलं होतं. त्यांनी ते उलटं करून सांगितलं. ते स्वतः तिथे गेलेलेही नव्हते. घर बघितलं ते एजंटने फोनवर पाठवलेल्या व्हिडिओत, आंग मो किओच्या एका मीटिंगला जाताना टॅक्सीत बसून.

मंडळात त्यांना 'किल्लेदार' म्हणायला सुरुवात झाली. मला आधी वाटलं लोक चेष्टा करतायत. तसं नव्हतं. मोठमोठ्या कंपन्यांत मॅनेजर असलेली, वर्षाला शेकडो माणसांच्या मुलाखती घेणारी ही मंडळी अगदी गंभीरपणे "किल्लेदार आले का?" असं विचारत. एका जोडप्याने मुलाची मुंज कॅसलवर करता येईल का, याची चौकशी केली. एका बाईंनी साडूंच्या फोटोतल्या धुक्यात आपल्याला 'व्हायब्रेशन्स' जाणवल्याचं सांगितलं. साडूंना त्यांनी नमस्कार करायचा तेवढा बाकी होता.

त्यानंतरच्या वर्षी मला वेल्सला जाण्याचा योग आला. आमच्या कंपनीचं एक जहाज तिथल्या किनाऱ्यावरच्या बंदरात बिघडून पडलं होतं, ते बघायला मला पाठवत होते. ही गोष्ट बायकोने बहिणीला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई आमच्या दारात. एकट्या, एलआरटीने आलेल्या. असं त्या कधी येत नाहीत, त्यांना गाडी सोडते.

ताई पुण्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. नवऱ्याची बदली झाल्यावर डिपेन्डन्ट पासवर इकडे आल्या आणि तेव्हापासून घर सांभाळतायत. कमी बोलतात. साडूंच्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला जागाही फारशी नाही.

"तुम्ही तिकडे जाताय तर ते घर बघून याल का?" त्यांनी मला विचारलं.

"बघतो की. साडूंना सांगू का चावीचं?"

"त्यांना नका सांगू. चावी शेजारच्या बाईंकडे असते, पत्ता मी देते." मग म्हणाल्या, "मला नेलं नाहीये अजून. विचारलं की म्हणतात, काम चालू आहे, तयार झालं की नेतो. कसलं काम ते सांगत नाहीत. रात्री कुणाकुणाचे फोन येतात, ते गॅलरीत जाऊन बोलतात. मला खरं काय ते तुम्ही येऊन सांगा. फोटो नका आणू. फोटो मी रोजच बघते."

जहाजाचं काम सुटायला वेळ लागला. मधे एक रविवार मोकळा मिळाला तेव्हा मी गाडी भाड्याने घेऊन निघालो. तिकडचे आडरस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीची झुडपांची कुंपणं, आणि समोरून ट्रॅक्टर आला की आपण अर्धा मैल मागे जायचं. गावात एक बंद पडलेलं प्रार्थनाघर, एक पब, बसथांब्याची शेड आणि ओळीने घरं. मी पबच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला कॅसल कुठे आहे विचारलं. तो म्हणाला, या गावात कॅसल नाही, वीस मैलांवर आहे, फार छान आहे, तिकीट आहे. मी पत्ता दाखवला. तेव्हा म्हणाला, "अच्छा, टोमेन. ते होय."

शेजारच्या बाई सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगात पुरुषी कोट. मी कुठून आलो ते सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"तुम्ही त्यांचे कोण?"

"आमच्या बायका बहिणी आहेत."

"म्हणजे तुमचा इलाज नव्हता," त्या म्हणाल्या, आणि चावी न घेताच मला घराला वळसा घालून मागे घेऊन गेल्या.

तर तो किल्ला. आमच्या ब्लॉकच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला टेकेल इतपत उंचीचं एक मातीचं टेकाड. त्यावर गवत, माथ्यावर एक वाकडं काटेरी झाड. भोवती खंदक म्हणून जे होतं त्यात खाजकुयलीसारखं काहीतरी माजलेलं आणि एक फुटकी बादली. पलीकडे सपाट शेत, तिथे मेंढ्या. मेंढ्यांपैकी एकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. समुद्र बुजवायला आणलेल्या वाळूचे याहून मोठे ढीग मी तुआसला रोज बघतो. त्यांचा कुणी भिंतभर फोटो लावत नाही.

एवढंच असतं तर मी हसून परत आलो असतो. पण टेकाडाच्या घराकडच्या अंगाला तळापासून निम्म्यापर्यंत उभा चर पाडलेला होता. गवत सोलून निघालेलं, आतली लालसर माती उघडी, पावसाने ओघळून खाली चिखल झालेला. वर निळं प्लास्टिक टाकून दगड ठेवले होते, ते वाऱ्याने फडफडत होतं.

"हे कुणी केलं?"

"तुमच्या नातेवाइकांनी. फोनवरून," बाई म्हणाल्या.

साडूंनी पलीकडच्या गावातला एक कंत्राटदार गाठला होता. टेकाडावर चढायला सिमेंटच्या पायऱ्या, माथ्यावर झेंड्यासाठी खांब आणि काचेची बैठक, असं काम त्याला सांगितलं होतं. ते झाड काढायचं होतं. कंत्राटदार खोदायचं मशीन घेऊन आला आणि त्याने सुरुवातही केली. बाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. आवाज ऐकून बाहेर आल्या, काय चाललंय ते पाहिलं, आत जाऊन घडीची खुर्ची आणली आणि मशीनच्या पुढ्यात मांडून बसल्या. मग पलीकडच्या शेतकऱ्याने रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा लावला. मग अधिकारी आले. अशा जुन्या जागेला तिथे कायद्याचं संरक्षण असतं, परवानगीशिवाय खिळासुद्धा ठोकता येत नाही. घर घेताना हे साडूंना सांगितलं गेलं होतं. त्यांनी ते ऐकलं नसणार. त्यात त्यांच्या उपयोगाचं काही नव्हतं.

"मी त्यांना फोनवर सांगितलं, तुम्ही गुन्हा करताय," बाई म्हणाल्या. "ते म्हणाले, मॅडम, आमच्याकडे किल्ल्यांची फार मोठी परंपरा आहे, आम्हाला किल्ले कळतात."

मला तिथे, त्या परक्या गावात, चिखलात उभं राहून लाज वाटली. साडूंच्या वतीने मला आयुष्यात पहिल्यांदाच काही वाटत होतं.

मी विषय बदलायचा म्हणून हे बांधलं कुणी, असं विचारलं. त्या म्हणाल्या, नाव कुणाला माहीत नाही. बाहेरून आलेला कुणीतरी. इथली भाषा येत नव्हती, इथल्या माणसांशी देणंघेणं नव्हतं, पण बसायला सगळ्यांपेक्षा उंच जागा हवी होती. मग गावातल्याच लोकांकडून टोपल्यांनी माती वाहून घेतली. गावात सांगतात की पुढे लोकांनीच मनोरा जाळला आणि तो निघून गेला. खरं-खोटं देवाला ठाऊक.

"टोमेन म्हणजे काय?" मी विचारलं.

"ढीग. आमच्या भाषेत शेणखताच्या ढिगालाही टोमेनच म्हणतात."

"आमच्याकडे त्याला उकिरडा म्हणतात."

त्यांनी मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला आणि दोन-तीनदा म्हणून पाहिला. बऱ्यापैकी जमला त्यांना. मग कुंपणाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हे तुमच्या नातेवाइकांना कळलंय की नाही मला माहीत नाही. हद्द तिथून जाते." मी पाहिलं. तारेचं कुंपण एका बाजूने चढून टेकाडाच्या माथ्यावरून पलीकडे उतरत होतं. पलीकडची बाजू शेतकऱ्याची होती. साडूंचा किल्ला अर्धाच होता, आणि झाड त्या दुसऱ्या अर्ध्यात होतं.

परत आल्यावर मी ताईंना आमच्या ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये भेटलो. बायकोही होती. मी पाहिलं ते सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. ताई चहाच्या ग्लासाला हात न लावता ऐकत होत्या.

"खोदलंय म्हणजे किती?"

"निम्म्यापर्यंत."

"आणि काम थांबवलंय."

"थांबवलंय. आता पूर्ववत करून द्या म्हणून अधिकारी मागे लागलेत. साडू दाद देत नाहीत."

"म्हणजे ते फोन ते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अर्धा?"

"अर्धा."

ताई हसायला लागल्या. मोठ्याने नाही, पण बराच वेळ हसत राहिल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्या बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिच्याही लक्षात आलं की ते नुसतं हसणं नव्हतं. शेवटी डोळे पुसून त्यांनी विचारलं, "या रविवारी मंडळात त्यांचं व्याख्यान आहे. तुम्ही दोघं येणार ना?"

मी जाणार नव्हतो. त्यांनी विचारल्यावर गेलो.

कम्युनिटी क्लबचा हॉल भरला होता. साडूंनी कोट घातला होता आणि खिशात रेशमी रुमाल खोचला होता. व्याख्यानाचं नाव 'सह्याद्री ते वेल्स: एका किल्लेदाराचा प्रवास'. पहिल्या स्लाइडवर सिंहगड, दुसरीवर तो धुक्यातला फोटो, तिसरीवर ते स्वतः, बोटॅनिक गार्डनमध्ये. लोक मान डोलवत होते. खंदकाला त्यांनी 'अभेद्य' म्हटलं, तेव्हा मला ती फुटकी बादली आठवली. शेवटी म्हणाले, "किल्ल्याच्या पुनर्बांधणीचं काम आपण हाती घेतलं आहे. आपला झेंडा तिथे लवकरच फडकेल." टाळ्या. काहीजण उभे राहिले.

मग प्रश्न. कुणीतरी राहायची सोय आहे का विचारलं. कुणीतरी शाकाहारी जेवणाचं विचारलं. मग पहिल्या रांगेतून ताई उठल्या.

"मला विचारायचंय."

"अगं, तू घरी विचार की," साडू हसून म्हणाले. हॉलही हसला.

"घरी उत्तर मिळत नाही," ताई म्हणाल्या. आवाज वर्गात असावा तसा, न चढवलेला, पण मागच्या बाकापर्यंत जाणारा. "टेकाडाला मशीन लावून जो चर पाडलाय, त्याचा फोटो यात नाही. तो का नाही?"

साडूंनी पाण्याचा घोट घेतला. "ते काम चालू आहे. कन्झर्वेशनचं."

"काम चालू नाहीये. तिथल्या अधिकाऱ्यांनी बंद पाडलंय. परवानगी न घेता खोदलं म्हणून. आणि ते टेकाड अर्धं आपलं नाही, शेजारच्या शेतकऱ्याचं आहे. झेंडा लावणार होतात ती जागासुद्धा त्याची आहे. तेही लोकांना सांगा."

एवढं बोलून त्या बसल्या.

मला वाटलं आता काहीतरी होईल. झालं ते असं: मंडळाच्या अध्यक्षांनी माइक घेतला, अभ्यासपूर्ण व्याख्यानाबद्दल साडूंचे आभार मानले आणि बटाटेवडे गरम आहेत तोवर घ्यावेत अशी विनंती केली. लोक उठले. वड्यांच्या टेबलाशी साडूंभोवती गर्दी जमली. "मोठं काम म्हटलं की अडचणी यायच्याच," एक म्हणाला. "गोरे लोक आपल्याला पुढे जाऊ देत नाहीत," दुसरा म्हणाला. फोटोतल्या धुक्यात व्हायब्रेशन्स जाणवलेल्या बाईंनी साडूंना वडा आणून दिला. ताई खुर्चीत बसून होत्या आणि त्यांच्याजवळ माझी बायको सोडली तर कुणी गेलं नाही. जाताना दोघी-तिघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू टेकाड त्यांनी खोदलं होतं.

माझ्याजवळ एक गृहस्थ आले, माझ्याच गावाकडचे. हळूच म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना त्यांना? घरातल्या गोष्टी अशा बाहेर काढू नयेत."

"ते टेकाड हजारो मैल बाहेरच आहे," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही.

खाली कार पार्कमध्ये साडूंनी मला गाठलं. चेहरा लाल झाला होता. "तुमचा जळफळाट होतो, मला माहीत आहे. पहिल्यापासून होतो."

"कशाचा? अर्ध्या ढिगाऱ्याचा?"

"तुम्हाला मोठं काही बघायची दृष्टीच नाही. जन्म गॅरेजमध्ये गेला."

मला वाद घालायचा होता असं नाही. वाद घालण्यासाठी समोरच्याबद्दल थोडा तरी आदर लागतो. मी गाडीचं दार उघडून दिलं, ते बसले आणि निघून गेले. ताईंना आम्ही आमच्याकडे घेऊन आलो.

दोन आठवड्यांनी ताईंनी वेल्सचं तिकीट काढलं. टेकाड पूर्ववत करून द्यायचं तर मालकांपैकी कुणीतरी तिथे हजर राहायला हवं होतं, आणि साडूंचं म्हणणं, बँकेचं काम सोडून आपल्याला जाता येणार नाही. माझ्या मते त्यांना त्या खुर्चीवाल्या बाईंसमोर उभं राहायचं नव्हतं. ताई म्हणाल्या, मी जाते. आयुष्यात त्या एकट्या विमानात बसल्या नव्हत्या. मी आणि मुलगी त्यांना चांगी विमानतळावर सोडायला गेलो. मुलीने मावशीला मिठी मारून सांगितलं, "मावशी, डोन्ट फॉल डाऊन द हिल, ओके?"

त्या पडल्या. ओल्या गवतावरून घसरून मनगट मुरगळून घेतलं, आणि तरी परत आल्या नाहीत. रोज बायकोला फोन यायचा. आज माती चाळून परत भरली. आज गवताच्या चादरी आणल्या, गालिच्यासारख्या गुंडाळलेल्या असतात, त्या खुंट्या मारून बसवल्या. आज मेंढ्या आत शिरल्या आणि सगळं तुडवलं, शेतकऱ्याला बोलावून आणलं. आज शेजारच्या बाईंना पोहे करून घातले, त्यांना खोबरं आवडलं नाही. जितके दिवस लागायचे त्याहून बरेच जास्त दिवस त्या राहिल्या. साडूंनी परत कधी येणार विचारलं, तर म्हणाल्या, गवत धरतंय का ते बघून येते.

एकदा व्हिडिओ कॉलवर त्या मला टेकाड दाखवत होत्या. चर बुजला होता, नुसती एक फिकट पट्टी राहिली होती. मी म्हटलं, "ढिगारा बरा दिसतोय."

"तुम्ही सारखं ढिगारा म्हणता," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावर त्या बाईंची लोकरी टोपी होती. "काय असायला हवं होतं तुमच्या मते?"

"निदान एक तरी दगड."

"दगड असते तर लोकांनी घरं बांधायला कधीच उचलून नेले असते. माती कुणी नेत नाही. म्हणून तर उरलंय."

हे त्यांनी भूगोलाच्या बाईंसारखं सांगितलं. मला पटलंही, पण टेकाडाबद्दलचं माझं मत काही बदललं नाही. ते मी त्यांना सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, हरकत नाही.

आता त्या दर वर्षी उन्हाळाभर तिथेच असतात. घर त्यांनी झाडूनपुसून घेतलंय, मागच्या खिडकीतून टेकाड दिसेल असं टेबल लावलंय. साडू एकदाही गेलेले नाहीत. इथे कॉन्डोत मदतनीस बाईच्या हातचं जेवतात आणि बँकेत जातात.

आणि व्याख्यानं देतात. गेल्या महिन्यात मंडळाने त्यांना पुन्हा बोलावलं. विषय 'वारसा जपताना'. या वेळी त्यांनी चराचा फोटो दाखवला. निसर्गाच्या माऱ्याने मध्ययुगीन वास्तूची कशी हानी होते, हे त्यावरून समजावलं, आणि मग बुजवलेल्या टेकाडाचा फोटो दाखवून आपण ती कशी वाचवली ते सांगितलं. एका फोटोत रबरी बूट घातलेल्या, चिखलाने माखलेल्या ताई होत्या, पाठमोऱ्या. त्याखाली लिहिलं होतं, 'आमची टीम'. त्या हॉलमध्ये मागच्या व्याख्यानाला आलेली निदान निम्मी माणसं बसलेली होती. एकही उठला नाही. मीही उठलो नाही. कुणासाठी उठायचं, हा प्रश्न होता. अध्यक्षांनी साडूंना शाल आणि श्रीफळ दिलं, आणि मी सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो.

संध्याकाळी ताईंचा फोन आला तेव्हा बायकोने त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता, त्या बाहेर उभ्या असाव्यात.

"शाल कसली होती?" त्यांनी विचारलं.

"सिंथेटिक," बायको म्हणाली.

"बरं," ताई म्हणाल्या, आणि शेजारच्या बाईंबरोबर बाजाराला निघायचंय म्हणून त्यांनी फोन ठेवला.